दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये

स्लेटफर्डच्या वेशीवर एक खड्डा होता. अर्धा शहराचा, अर्धा काउंटीचा. शहराची माणसं यायची, आपली अर्धी बाजू बुजवायची आणि निघून जायची. पाऊस आला की ती माती काउंटीच्या अर्ध्यात. मग काउंटीची माणसं यायची, आपली बाजू उपसून बुजवायची, तोवर शहराची बाजू पुन्हा खोल गेलेली. असं करता करता खड्डा एवढा झाला की त्यात मासे झाले. हातभर लांब, मिशीवाले. रविवारी चर्च सुटलं की माणसं गळ टाकून काठावर बसायची, आणि मासा नेमका कुणाच्या हद्दीत अडकला यावरून परवान्याची भांडणं व्हायची. एका माशाचं डोकं शहरात आणि शेपूट काउंटीत सापडलं, तर तो म्हणे म्हातारा होऊन मेला, पण कुणाच्या तव्यात गेला नाही.

आता शहर आणि काउंटी काही दोन देश नव्हेत. काउंटी म्हणजे आजूबाजूची सगळी शेतं, डोंगर, वाड्यावस्त्या, आणि तिच्या पोटात बसलेलं शहर. स्लेटफर्ड हे शहर, हार्गेट ही काउंटी. शहराचा कारभार मेयरकडे. काउंटीचा जजकडे. हा जज न्याय करत नसे हं, अमेरिकेतल्या केंटकीत काउंटीच्या मुख्याला जज म्हणायची पद्धत आहे, एवढंच. पण नाव जज असलं की माणसाची मान जराशी ताठ होते. त्यात हा जज लोव्हेल स्किडमोर आणि तो मेयर बर्ल टॅकेट हे मेहुणे. बर्लची बहीण नेडीन लोव्हेलला दिलेली. नाताळच्या जेवणाला दोघं एकाच टेबलावर बसायचे, आणि ग्रेव्हीचं भांडं मागायला नेडीनला मध्ये घालायचे.

लोक हसायचे. हसण्यासारखंच होतं. होबार्ट एस्टेपला एकदा रस्त्यात चक्कर आली, पाय शहरात आणि डोकं काउंटीत. दोन अँब्युलन्स आल्या, दोन्हीकडची माणसं वाद घालत उभी राहिली. होबार्टला ते ऐकून इतका कंटाळा आला की तो बरा होऊन उठला आणि चालत घरी गेला.

पण व्हर्जिलच्या वेळी कुणी हसलं नाही.

व्हर्जिल ट्रिम्बलचं घर हद्दीवर. स्वयंपाकघर शहरात, मागचा वालाचा वाफा काउंटीत. वेल बांधता बांधता तो वाफ्यात कोसळला. त्याच्या बायकोनं, ओडेलानं, स्वयंपाकघरातून फोन केला, म्हणून शहराची अँब्युलन्स आली. आलेल्या पोरांनी पाहिलं, माणूस पडलाय काउंटीत. हद्द ओलांडली तर नोकरी जायची. त्यांनी काउंटीला कळवलं आणि टोप्या हातात धरून कुंपणाशी उभी राहिली. काउंटीची गाडी डोंगरापलीकडून यायची होती. ओडेला नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. गाडी आली तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यानंतर तिनं त्या वाफ्यात वाल लावले नाहीत.

गावाला लाज वाटली. मेयरला वाटली, जजला वाटली. दोघांनी मिळून ठरवलं, की शहर आणि काउंटी यांचं नातं नेमकं काय, कुणी काय करायचं, याचा अभ्यास करायला समिती नेमायची. अभ्यास पुरा होईपर्यंत अँब्युलन्स एकच, दोघांची मिळून, हद्द न बघता धावणारी. समितीत तिघं. शहरातर्फे मेयर, काउंटीतर्फे जज, आणि तिसरी ओडेला ट्रिम्बल. तिला का, तर तिनं उभा जन्म शाळेची बस चालवली होती. गावातला प्रत्येक माणूस कधी ना कधी तिच्या बसमध्ये ओरडा खाऊन मोठा झाला होता. मेयर आणि जज धरून. लग्न झालेलं असो नसो, त्या सगळ्यांच्या तोंडी ती अजून 'मिस ओडेला'च.

नियम मोठे छान केले. समितीतल्या माणसानं काउंटीतच राहायचं. अहवाल व्हायच्या आधी एक जरी माणूस गाव सोडून गेला तरी समिती बरखास्त. आणि समिती गेली की अँब्युलन्सही गेली, पुन्हा दोन गाड्या, पुन्हा कुंपणाशी टोप्या हातात धरलेली पोरं.

ओडेलानं आनंदानं सही केली. तिला वाटलं, सहा महिने लागतील.

तिची थोरली बहीण आयव्हली अलाबामात समुद्राकाठी राहते. व्हर्जिल गेला तेव्हाच ती म्हणाली होती, "इकडे ये. खोली रिकामी आहे, पिवळा रंग दिलाय. खिडकीतून पाणी दिसतं." ओडेलानं समुद्र कधी पाहिला नव्हता. दर रविवारी आयव्हलीचा फोन. "कधी येतेस?" ओडेला म्हणायची, "अहवाल झाला की." एक वर्ष झालं, दुसरं झालं, त्यानंतर तिनं मोजणं सोडलं. आयव्हलीनं तिच्यासाठी वेचलेल्या शिंपल्यांनी खिडकीची कड भरली, मग कपाट भरलं, मग म्हणे न्हाणीघराचं दार उघडेना. आणि अलीकडे आयव्हली "कधी येतेस" म्हणत नव्हती. "आलीस तर," म्हणायला लागली होती. एवढासा शब्द, पण फोन ठेवल्यावर ओडेला बराच वेळ तिथंच बसून राहायची.

अहवाल का होत नव्हता? तर सभा होत नव्हती.

कोर्टहाऊस काउंटीचं. शहराचं ऑफिस पुरात वाहून गेलं, तेव्हापासून शहर तिथंच तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं. काउंटी दुसऱ्यावर. सभेची नोटीस आधी लावावी लागते, आणि नोटिशीत जी जागा लिहिली तिथंच सभा भरावी लागते, असा कायदा. शहर नोटीस लावायचं: सभा तिसऱ्या मजल्यावर. काउंटी नोटीस लावायची: सभा दुसऱ्या मजल्यावर. दर महिन्याला मेयर वर बसायचा, जज खाली बसायचा, दोघंही घड्याळ बघायचे, आणि ओडेला जिन्यात. वर जायची, बर्ल म्हणायचा, "या मिस ओडेला, बसा, आपण वेळेवर आहोत, तो आला नाही." खाली यायची, लोव्हेल म्हणायचा, "बघा मिस ओडेला, मी हजर आहे." एकाचा निरोप दुसऱ्याला सांगायचीही सोय नव्हती. तसं केलं तर ती चोरून घेतलेली सभा, आणि त्याला दंड. ती वर एक बिस्किट खायची, खाली एक बिस्किट खायची, आणि दुखरे गुडघे घेऊन घरी जायची.

कायद्याची गंमत पुढेच आहे. तिघं कुठंही एकत्र आले आणि कामाचं एक अक्षर जरी बोलले, तरी ती सभा, आणि नोटिशीवाचून म्हणून दंड. म्हणून ते तिघं गावात एकमेकांना चुकवत असायचे. एक दुकानात शिरला की दुसरा बाहेर. व्हर्जिलच्या वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेला बर्ल चर्चमध्ये बसला आणि लोव्हेल खिडकीबाहेर टोपी काढून उभा राहिला. पाऊस पडत होता तरी.

त्या दिवशी ओडेलानं केक आणला होता.

सफरचंदाचा थरांचा केक. त्या डोंगरात लग्नाला असा केक करायची पद्धत होती. प्रत्येक घरातून बाई एक थर भाजून आणायची, मध्ये वाळल्या सफरचंदाचा मुरांबा घालून थर एकमेकांवर रचायचे. जितके थर उंच, तितकी नवरी लोकांची लाडकी. ओडेलानं सगळे थर स्वतःच भाजले होते. मनाशी ठरवलं होतं, की आज दोघांना केक खायला घालायचा आणि सांगायचं, मी जातेय. समिती मोडू दे. काय व्हायचं ते होऊ दे. रात्रभर असं म्हणून बघितलं होतं, तरी ते वाक्य एकदाही पुरं झालं नव्हतं. कारण वाफ्यातलं ते कुंपण डोळ्यांपुढे यायचं.

केकचा डबा एवढा उंच, की तिला पुढचं काही दिसेना. जिना चढणं शक्य नव्हतं. ती लिफ्टपाशी आली.

ती लिफ्ट कुणी वापरत नसे. पेटी शहराची, अनुदानातून घेतलेली. ज्या पोकळीतून ती वरखाली जाते ती काउंटीची. दोर कुणाचा यावर वाद होता, त्याचा अभ्यासही याच समितीकडे होता. ओडेलानं कोपरानं बटण दाबलं. दार उघडलं. मागून बर्ल आला, धावत. "थांबा मिस ओडेला, दार मी धरतो." बाजूनं लोव्हेल आला, त्यालाही तेच. "थांबा मिस ओडेला." दोघांनी दोन बाजूंनी दार धरलं. बाईच्या हातात ओझं असताना दार सोडून द्यायचं हे त्या दोघांच्या आयांनी शिकवलं नव्हतं, आणि आधी कोण सोडतो हे शिकवलंच नव्हतं. ओडेला आत गेली. मग दार धरून धरून दोघंही आत ढकलले गेले. दार बंद झालं.

लिफ्टनं एक उसासा सोडला, दुसरा मजला ओलांडला, कुठंतरी "खट" म्हणाली आणि थांबली.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. डोक्यात एकच विचार. कोरम झाला, म्हणजे सभा भरली.

"कुणी बोलू नका," लोव्हेल म्हणाला.

"तूच बोलतोयस," बर्ल म्हणाला.

"कामाचं बोलू नका म्हणतोय मी."

"मग मी काय कामाचं बोललो?"

ओडेलानं डबा खाली ठेवला आणि लाल बटण दाबलं. कुठंतरी लांब घंटा वाजली. वाजली आणि थांबली.

"हवा बरी आहे," बर्ल म्हणाला. "म्हणजे, बाहेरची."

"पाऊस येईल," लोव्हेल म्हणाला.

"आला तर येऊ दे. आमची गटारं..." बर्लनं जीभ चावली. गटारं कामाचा विषय.

लोव्हेलनं बास्केटबॉलचा विषय काढला. तो सुरक्षित होता, पण मग मॅच बघायला नवीन जिम, आणि जिम कुणाच्या जागेत. तोही बंद. बर्लनं कुत्र्याचा विषय काढला. त्याचा कुत्रा शहरात माणसांना चावायचा आणि काउंटीत जाऊन झोपायचा, दोन्हीकडच्या कुत्रेपकड्यांना हुलकावणी देत, एवढा हुशार. लोव्हेल म्हणाला, "तो आमच्याकडे येतो कशाला पण?" आणि तेही कामाचं निघालं. शेवटी दोघं भिंतीकडे बघत उभे राहिले. जगात असं काहीच उरलं नव्हतं ज्यात शहर आणि काउंटी नव्हती.

आत उकडायला लागलं. दिवा पिवळा होता, एका बाजूनं चुरचुरत होता. ओडेलाला एकदम वाटलं, ही लिफ्ट काही आज अडकलेली नाही. ती व्हर्जिलच्या वर्षापासून इथंच उभी आहे. नुसती भिंत आज दिसली. हात लांब केला तर बर्ल, दुसरा लांब केला तर लोव्हेल, आणि मध्ये उभं राहायला तिच्या बुटांएवढी जागा. पिवळी खोली आठवली, आणि ती खोलीसुद्धा पेटीएवढी वाटायला लागली.

"बसा मिस ओडेला," लोव्हेल म्हणाला, आणि त्यानं आपला कोट जमिनीवर पसरला.

"माझ्या कोटावर बसा," बर्ल म्हणाला, आणि त्यानंही पसरला.

"मी उभीच राहते," ओडेला म्हणाली. "नाहीतर अर्धी शहरात, अर्धी काउंटीत बसायला लागेन."

वरून धप्प धप्प आवाज आला. लिफ्टवाला डेलबर्ट. त्यानं तिसऱ्या मजल्याचं दार पहारीनं उचकटलं, मग खाली पळत जाऊन दुसऱ्याचं. पेटीच्या वरच्या अंगाला टीचभर फट उघडली, त्यातून तिसऱ्या मजल्यावरचे बूट दिसायला लागले. खालच्या अंगालाही तेवढीच फट, त्यातून दुसऱ्या मजल्यावरची डोकी. खालच्या फटीत पहिलं डोकं नेडीनचं आलं. काउंटीच्या ऑफिसात सगळं दप्तर तिच्याकडे. ती खुर्चीवर चढली होती.

"लोव्हेल! आत आहेस?"

"आहे."

"बर्ल?"

"आहे ताई."

"दोघं एकत्र? मिस ओडेला, कुणी कुणाला मारलं का?"

"अजून नाही गं," ओडेला म्हणाली. "गटारांपर्यंत आलो होतो."

वरच्या बाजूला लोक पोटावर झोपून फटीतून डोकावायला लागले. खालच्या बाजूला खुर्च्या आल्या, मग बाकं आली. एक जण शेंगदाणे विकायला लागला, असं सांगतात. डेलबर्ट गच्चीवरच्या खोलीत गेला, जिथं लिफ्टचं चाक असतं, आणि पोकळीतून त्याचा आवाज विहिरीतून यावा तसा आला.

"मेयर! जज! मोटरचा करंट बंद केलाय! हातानं चाक फिरवतो! वर घेऊ की खाली?"

"वर!" बर्ल ओरडला.

"खाली!" लोव्हेल ओरडला.

"एकच सांगा!"

"पेटी शहराची आहे, शहराच्या मजल्यावर जाईल!"

"पोकळी काउंटीची आहे, आणि माणूस पडला तर काउंटीत पडेल! खाली!"

"डेलबर्ट, वर!"

"डेलबर्ट, खबरदार!"

डेलबर्टनं चाक सोडलं. "माझं पोट दोघांच्या कामावर आहे बाबांनो. ठरवा आणि सांगा. मी सँडविच खातो."

ओडेलानं डोळे मिटले. मग नेडीनचा आवाज आला, आणि तो आवाज हसत होता.

"काय पण योग आहे. वर नोटीस लागलीय तिसऱ्या मजल्यावर सभा म्हणून. खाली लागलीय दुसऱ्या मजल्यावर. आजचीच तारीख, हीच वेळ. आणि तुम्ही बसलाय मधोमध."

ओडेलानं डोळे उघडले.

तिनं वरच्या फटीकडे पाहिलं. बूट, बूट, आणि बुटांमध्ये माणसांचे चेहरे. खालच्या फटीकडे पाहिलं. नेडीन, आणि तिच्यामागे अर्धं गाव. तिनं आपल्या पायांकडे पाहिलं. पाय दुसऱ्या मजल्याच्या दारात. मग डोक्यावर हात ठेवला. डोकं तिसऱ्याच्या.

"नेडीन," ती म्हणाली, "इथलं सगळं तुम्हाला दिसतं का?"

"तुमचे मोजेसुद्धा दिसतात."

"ऐकू येतं?"

"सगळं येतं!" खालून लोक ओरडले. "सगळं येतं!" वरूनही ओरडले.

"मग ही सभा आहे," ओडेला म्हणाली. "दोन्ही नोटिशींप्रमाणे, दोन्ही मजल्यांवर, लोकांच्या समोर, तिघंही हजर. आजवर भरलेली पहिली. नेडीन, लिहून घे."

"लिहितेय," नेडीन म्हणाली. तिनं कानावरची पेन्सिल काढली होती.

"हे चालणार नाही," बर्ल म्हणाला.

"असं करता येत नाही," लोव्हेल म्हणाला. आणि दोघं एकाच बाजूनं बोलले हे लक्षात येऊन दोघंही दचकले.

"का नाही?" ओडेला म्हणाली. "जागा चुकीची आहे? बर्ल, हा तिसरा मजला नाही का?"

"आहे, पण..."

"लोव्हेल, हा दुसरा नाही का?"

"आहे, पण मिस ओडेला..."

"मग माझा ठराव ऐका. अहवाल एका वाक्याचा. शहर काउंटीच्या पोटात आहे, आणि पोटात दुखलं तर डोक्यालाही डॉक्टरकडे जावं लागतं. म्हणून अँब्युलन्स एकच, कायमची, हद्द न बघता. बस्स. हात वर करा."

तिनं स्वतःचा हात वर केला. तो एकटाच वर राहिला.

"खड्ड्याचं काय?" बर्ल म्हणाला. "जिमचं काय? पाण्याच्या पाइपाचं? एवढा अभ्यास एका वाक्यात उरकायचा?"

"कोणता अभ्यास रे? बिस्किटांचा?"

वरचे लोक हसले. बर्लचे कान लाल झाले. लोव्हेल शांत आवाजात म्हणाला, "मिस ओडेला, तुमचं दुःख आम्हाला कळतं. पण कायमची म्हणजे उद्या तिचा मालक कोण हे आधी ठरवायला हवं. आपण आधी बाहेर पडू. मग नीट बसू. डेलबर्ट! खाली घे! दोन मतं, माझं आणि मिस ओडेलांचं!"

"माझं मत कुठं घेतलंस तू?" ओडेला म्हणाली.

"मग वर?" बर्ल पटकन म्हणाला. "वर असेल तर डेलबर्ट..."

"वरही नाही."

ती खाली बसली. एका कोटाची कड आणि दुसऱ्या कोटाची कड बाजूला सारून बरोबर मधल्या उघड्या फरशीवर. पाय पसरले, डब्याचं झाकण काढलं, आणि कागदात गुंडाळलेली सुरी सोडली. केक दोन दिवस मुरला होता. सफरचंद आणि दालचिनीचा वास पेटीभर पसरला, वर गेला, खाली गेला. खालच्या बाकांवरची माणसं माना उंचावायला लागली.

"बस हलणार नाही," ओडेला म्हणाली.

गावात असा एकही माणूस नव्हता ज्याला हे तीन शब्द माहीत नव्हते. बसमध्ये पोरं भांडायला लागली की ओडेला ओरडायची नाही. रस्त्याच्या कडेला बस लावायची, किल्ली काढून एप्रनच्या खिशात टाकायची, आणि म्हणायची, बस हलणार नाही. मग विणकाम काढायची. एकदा बर्ल आणि लोव्हेल खिडकीच्या जागेवरून भांडले होते, तेव्हा बस नदीच्या पुलावर एवढा वेळ उभी राहिली, की म्हणे बसमधल्या सगळ्यात धाकट्या पोराला घरी पोचेपर्यंत मिशी फुटली होती.

वरच्या बुटांतला कुणीतरी कुजबुजला, "संपलं. आता जेवणाला घरी जाता येत नाही."

बर्लनं भिंतीवर हात मारला. "मिस ओडेला, आम्ही आता पोरं नाही. मी मेयर आहे."

"हो रे राजा. खिडकीची जागा तुलाच."

"आणि मी जज..."

"तू पुढच्या बाकावर बस, लोव्हेल. माझ्या नजरेसमोर."

ती केक कापायला लागली. कुणाला दिला नाही. एक तुकडा काढून स्वतः खाल्ला, सावकाश, बोटं चाटत. दिवा चुरचुरत राहिला. लोव्हेलनं गळ्यातला टाय सैल केला. बर्लनं बूट काढले, आणि कधी कुणी ऐकलं नव्हतं ते घडलं, लोव्हेल त्याच्या बाजूला सरकून म्हणाला, "तुझ्या त्या पायाला अजून सूज येते का?" बर्ल म्हणाला, "येते." दोघं भिंतीला टेकून खाली बसले.

उकाडा वाढत होता. डोक्यावरचं छत खाली आल्यासारखं वाटत होतं. "इथं श्वास घेता येत नाही," बर्ल म्हणाला, आणि त्याचा आवाज मेयरचा नव्हता. "मिस ओडेला, तुम्हाला त्रास नाही होत?"

"होतो की," ती म्हणाली. तिनं सुरी खाली ठेवली. "तुला तासभर झालाय, बर्ल. मला किती वर्षं झाली ते तू सांग. मी आज सांगायला आले होते की मी जातेय. आयव्हली 'आलीस तर' म्हणायला लागलीय. पण मी गेले की गाडी जाते. आणि मग कुणाच्या तरी वाफ्यात पुन्हा कुणीतरी बसेल, डोकं मांडीवर घेऊन. ते मला तिथं समुद्राकाठी दिसत राहील. म्हणून मी जात नाही. आणि धड राहतही नाही. ही अशीच बसलेय, या फरशीवर. तुम्ही दोघं चांगली माणसं आहात. कुंपणाशी उभी राहिलेली ती पोरंही चांगलीच होती."

नेडीननं पेन्सिल थांबवली.

लोव्हेलनं बुटांच्या नाड्या सोडल्या, पुन्हा बांधल्या. मग त्यानं हात वर केला. पूर्ण नाही, कानापर्यंत.

"ते अर्धं आहे," नेडीन फटीतून म्हणाली. "नवरोबा, मी लिहू काय? अर्धं?"

त्यानं हात सरळ केला. ते बघून बर्ल ताडकन उठला आणि त्याच्यापेक्षा उंच हात केला. इतका उंच की तो लिफ्टच्या छताला लागला. वरचे लोक टाळ्या वाजवायला लागले, खालचे बाकं वाजवायला लागले, आणि कोर्टहाऊसच्या मनोऱ्यावरची कबुतरं उडाली ती म्हणे शेजारच्या काउंटीतच जाऊन बसली.

"ठराव मंजूर," नेडीन म्हणाली. "अहवाल झाला. समितीचं काम संपलं."

ओडेलानं दोघांना केक दिला. सारखे तुकडे. त्यांनी मुकाट्यानं खाल्ला, हातावर घेऊन.

मग गच्चीवरून आवाज आला. "काय ठरलं? वर की खाली?"

बर्लनं तोंड उघडलं. लोव्हेलनं उघडलं. दोघांच्याही तोंडात केक होता.

"त्यांना काय विचारतोस, डेलबर्ट," नेडीन ओरडली. "समिती संपली. आता आत नुसती तीन माणसं आहेत."

मग डेलबर्टनं, तोही लहानपणी त्याच बसमध्ये मागच्या बाकावर बसायचा, वेगळंच विचारलं.

"मिस ओडेला, तुम्हाला कुठं जायचंय?"

हे असं तिला कुणी विचारलंच नव्हतं. वर की खाली, शहर की काउंटी, कुणाच्या बाजूनं, हे सगळं विचारलं होतं. ती भिंतीला धरून उठली. गुडघे वाजले.

"तळमजल्यावर," ती म्हणाली. "रस्त्यावर सोड मला."

चाक करकरलं. पेटी हलली. वरची फट बंद होत गेली, बूट वर गेले, नेडीनचं डोकं एकदम समोर आलं, पूर्ण उंचीचं दार आलं, आणि दारात उभ्या असलेल्या नेडीननं चालत्या लिफ्टमध्ये हात घालून ओडेलाचा हात दाबला आणि सोडला. लिफ्ट काउंटीच्या मजल्यावर थांबली नाही. खाली खाली गेली आणि एका धक्क्यानं टेकली. दार उघडलं. बाहेर लख्ख दुपार होती.

ओडेला बाहेर पडली, हातात हलका झालेला डबा. तिच्यामागून बाहेर पडायला दोघं निघाले.

"तू आधी," बर्लनं दार धरून म्हटलं.

"छे छे. तू आधी," लोव्हेलनं दुसरी बाजू धरून म्हटलं.

"अरे, तू जज आहेस."

"आणि तू मेयर. चल, चल."

तेवढ्यात डेलबर्टनं करंट चालू केला. दार दोघांच्या हातांतून सुटून मिटलं, आणि पेटी वर निघाली. ओडेला पायऱ्यांशी पोचली होती तेव्हा मागं वरून "खट" असा आवाज आला, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये कुठंतरी. मग दोन आवाज, एकदमच. "मिस ओडेलाऽऽ!"

लोक सांगतात, तिनं वळून पाहिलं नाही. पण नेडीननं खिडकीतून सगळं पाहिलं, आणि नेडीन सांगते ते वेगळं. ती सांगते, ओडेला थांबली, वर बघितलं, डबा काखेत मारला, आणि एप्रनचा खिसा थोपटला. तिथं किल्ली असल्यासारखा. मग रस्ता ओलांडून बसच्या थांब्याकडे गेली.

त्या दोघांना कधी बाहेर काढलं, ते मला विचारू नका. काही म्हणतात त्याच संध्याकाळी. काही म्हणतात, अजून आत आहेत, आणि खड्ड्याच्या कराराचं पहिलं कलम लिहून झालंय. आयव्हलीनं मात्र त्या रविवारी फोन केला नाही. कारण फोन करायला ती घरी नव्हती, तिकडच्या बस-स्टेशनवर उभी होती, ओंजळीत शिंपले घेऊन.